एक कान गिऱ्हाईकाचा, एक कान मामाचा

मामाच्या दुकानात काउंटरखाली बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात एकेकटे इअरबड पडलेत. कोणाचा डावा, कोणाचा उजवा. जोडीदार कुठे हरवला, काही पत्ता नाही. लोक वैतागून ठेवून जातात आणि मामा काही फेकत नाही. किस्से पण असेच साठतात बघा. फेकवत नाहीत, आणि एकटे वाजतही नाहीत. समोर कोणीतरी बसलं की डबा उघडायचा. तुम्ही बसलात, म्हणून उघडतो.

मी बंट्या, विरारजवळच्या नंदाखाल गावचा. दहावीला गणिताने मला एकदा पाडलं, मग मी परत त्याच्या वाटेला गेलो नाही. बाबा म्हणाले, चल बागेत. आमची केळीची बाग आहे. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला ना, की कपडा फाटतो पण डाग जात नाही. आणि माझे टी-शर्ट बघा तुम्ही! म्हणून आई मध्ये पडली आणि विरार वेस्टला तिच्या भावाच्या मोबाइल अॅक्सेसरीच्या दुकानात मला चिकटवलं.

मामाने अट घातली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खाली कोऱ्या पट्टीवर माझं नाव लिहिलं आणि म्हणाला, "तुझ्यामुळे तक्रार आली की एक फुली. गणपतीच्या आत तीन फुल्या झाल्या, की तू बागेत."

मी म्हटलं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही? तर म्हणाला, "शटरच्या कुलपावर पण नाही. ते मी तीनदा ओढून बघतो."

*

आधी मामाची पद्धत समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

एक माणूस म्हणे नवे इअरबड घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच डबीत कुठलेतरी भंगार घालून परत आला. "हे वाजत नाहीत." त्या दिवसापासून मामाने नियम केला. प्रत्येक मॉडेलचा एक डेमो पीस उघडा ठेवायचा. डावा बड गिऱ्हाईकाच्या कानात, उजवा मामाच्या कानात. एकच गाणं दोघांनी ऐकायचं. मग गिऱ्हाईकाने तोंडाने म्हणायचं, "आवाज बरोबर आहे." मामा म्हणतो, "माझ्याही कानात बरोबर आहे." मगच सीलबंद बॉक्स बाहेर.

आता वायरलेस म्हटल्यावर दोघं लांब उभे राहिले तरी चालतं ना? पण मामा गिऱ्हाईकाला चिकटून उभा राहतो आणि हळूच त्याच्या बॅगेचा पट्टा धरतो. एकदा एका पोराने विचारलं, पट्टा कशाला धरलाय?

"याला वायर नाही," मामा म्हणाला. "म्हणून मी आहे."

*

गास गावचे एक आजोबा आले होते. मुलीकडे नाशिकला जायचं, एसटीत ऐकायला भजनं पाहिजेत, पण स्वस्तात. बॉक्सवर चाळीस तास लिहिलेलं बघून त्यांनी ते घेतलं. तिसऱ्या दिवशी परत आले, हातात कागद. सकाळी किती वाजता कानात घातलं, चहाला किती वेळ काढलं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. सहा तासांत बंद!

मामाने समजावलं, की बाबा, सहा तास कानातल्याचे, बाकीचे या डबीचे. डबीत ठेवलं की परत चार्ज होतं. सगळं मिळून चाळीस. सगळ्याच कंपन्या असं लिहितात.

आजोबांनी डबी हातात घेतली, उलटी केली, कानाजवळ नेली.

"म्हणजे बाकीचे चौतीस तास भजन डबी ऐकणार?"

मामाने कॅलेंडरकडे बघितलं. पण ती फुली मला नाही लागली. बॉक्स मी छापलेला नव्हता.

*

माझी पहिली फुली मात्र माझ्या मेहनतीची होती.

मामाचा फोन जुना, गाणं मधेच अडकतं. म्हणून सगळे डेमो पीस माझ्या फोनला जोडलेले. मला एक अॅप सापडलं, त्यात आपला आवाज फक्त डाव्या बाजूला टाकता येतो. डावा कान कोणाचा? गिऱ्हाईकाचा! मी टेस्टच्या गाण्यात मध्येच माझा आवाज भरला, एकदम हळू, घोगरा करून: "या माणसावर विश्वास ठेवू नको."

काय मजा यायची म्हणून सांगू. गिऱ्हाईक दचकून मामाकडे बघणार. मामाच्या उजव्या कानात नुसतं गाणं, तो मान डोलावणार. एकाने विचारलं, "काका, तुम्ही काही बोललात?" मामा म्हणाला, "मी धंद्याच्या वेळी बोलत नाही." तो माणूस दहा मिनिटं बॉक्सचं सील तपासत बसला. पण घेतलं हां त्याने! सगळे घ्यायचे. संशय आला की माणूस नीट बघतो, आणि नीट बघितलं की घेतो, असा माझा अभ्यास आहे.

आठवडाभर चाललं. मग मामाचा उजवा कान दुखायला लागला आणि त्याने बाजू बदलली.

समोर एक गरीब चेहऱ्याचा मास्तर. मामाच्या कानात आवाज आला: "या माणसावर विश्वास ठेवू नको." मामाने मास्तरला वरून खालपर्यंत बघितलं, बड त्याच्या कानातून काढून घेतला आणि दुकान बंद आहे म्हणून सांगितलं. सकाळचे साडेअकरा वाजलेले.

दिवसभर मामा येता-जाता देवाच्या फोटोला हात जोडत होता. देवाने वाचवलं असं त्याला वाटत होतं. मी काही सांगितलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी त्याने परत ऐकलं, शेवटपर्यंत. आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी मी शिंकलो होतो.

माझी शिंक मामा मी पाळण्यात होतो तेव्हापासून ओळखतो.

*

दुसरी फुली अर्नाळ्याच्या पार्वतीमावशीने दिली. मावशी मासे घेऊन बसने विरारच्या बाजारात येते. लेक सुरतला दिलेली, ती नेमकी मावशी मासे कापत असतानाच फोन करते. हात बरबटलेले, फोन उचलणार कसा? कोणीतरी तिला सांगितलं, कानात घालायचं असतंय, बोटाने टिचकी मारली की झालं.

मावशी आली ती टोपली घेऊनच. मामा आत जेवत होता. मी म्हटलं, हे घे, पाण्याचं पण टेन्शन नाही. बॉक्सवर थेंबाचं चित्र दाखवलं.

मावशीने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चित्र तर कोनीपन काढल. पानी गेल्यावर कोन येनार, तू?"

मला डिवचलं ना तिने! मी म्हटलं, विश्वास नसेल तर बुडवून बघ.

मी म्हणजे ग्लासात म्हटलं होतं. मावशीने डेमोचे दोन्ही बड उचलले आणि टोपलीत, बोंबलांच्या बर्फाच्या पाण्यात सोडले. वरून हात घालून ढवळले. मग पदराला पुसून कानात घातले आणि माझ्याच फोनवरून लेकीला फोन लावला. वाजले! मावशी खुश. जोडी घेऊन गेली.

मामा जेवून आला तेव्हा काउंटरवर एक कॉलेजवाली उभी होती. टेस्ट सुरू झाली. मामा गाण्यावर मान डोलावतोय, आणि ती पोरगी कानातून बड काढून नाकाजवळ नेतेय.

"आवाज बरोबर आहे," ती म्हणाली. "पण वास कसला येतोय?"

मामाने स्वतःचा बड काढला, हुंगला, आणि कॅलेंडरकडे गेला.

*

दोन फुल्या झाल्यावर मी सुधारलो. म्हणजे घाबरलो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला फुलीसारखं दिसायला लागलं. रबर कानात बसतंय का दोनदा विचारायचो, छोटं-मोठं बदलून द्यायचो. घरी बाबांनी माझ्यासाठी जुना शर्ट काढून ठेवला होता. चिकाचा.

त्यात माझा दोस्त मेल्विन तक्रार घेऊन आला. त्याला कामाला भाईंदरला जायचं असतं. वसई किल्ल्याकडून बाइक चढवायची बोट सुटते, तिने जातो. बोटीच्या इंजिनाचा त्रास होतो म्हणून त्याला मीच बाहेरचा आवाज बंद करणारे इअरबड दिले होते. जरा महाग, पण त्याच्या बजेटमध्ये.

मेल्विन मामाला म्हणाला, की मी बोटीत कोपऱ्यात बसलो, कानात घातलं, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर धक्का. बाइक काढली, बाहेर आलो, तर वसईच! बोट भाईंदरला लागली, लोक उतरले, नवे चढले, भोंगा वाजला, मला कायपण ऐकू आलं नाही. साहेबाने अर्धा दिवस कापला.

मी डोळ्यांनीच त्याला खुणावत होतो, गप बस ना यार. मामाने पेन उचललं होतं.

"एक सांग," मामा म्हणाला. "आवाज बंद करणारे म्हणून घेतलेस ना? मग ही तक्रार आहे की तारीफ?"

मेल्विन विचारात पडला. मी त्याला वडापाव खाऊ घातला, मग तो म्हणाला, तारीफ.

*

आता सावंतकाका.

सावंतकाका मूळचे मालवणकडचे, विरारला फ्लॅट, नोकरी अंधेरीला. दोन आठवड्यांत पाच वेळा येऊन गेले होते. प्रत्येक वेळी नवीन शंका. याचा माइक कसा आहे? एक बड हरवला तर एकटा मिळतो का? तुम्ही स्वतः कुठले वापरता? मामा एरवी असल्या माणसाला हाकलून देईल, पण काकांच्या ऑफिसातले सहा जण त्यांच्या निकालाची वाट बघत होते. काकांनी घेतलं की सगळे घेणार.

मामाने मला सकाळीच सांगितलं होतं, "आज सावंत येणार आहेत, काही झालं तर तिसरी फुली. कोणाची चूक आहे ते बघणार नाही."

मी नवा डेमो काढला, धुतल्यासारखा पुसला, फोनला जोडला, साधं गाणं लावलं. डावा काकांच्या कानात, उजवा मामाच्या. मामाने त्यांच्या बॅगेचा पट्टा धरला. काकांनी डोळे बारीक केले.

"ऑनलाइन शंभर रुपये कमी आहे," काका म्हणाले.

मामाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. त्याच्याच हातची पाटी: ऑनलाइन घेतलेल्या मालाची चौकशी इथे करू नये. "ऑनलाइन म्हणजे फसवणूक," मामा म्हणाला. "माझ्या घरात पण इथलाच माल चालतो."

हे काय एकदम खरं नव्हतं. मामी रोज बोरिवलीला कामाला जाते, आणि तिच्या कानात अजून चिकटपट्टी लावलेली वायरच असते. मामा वर्षभर म्हणतोय, नवीन माल आला की देतो.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. स्क्रीनवर नाव: मामी.

मी कट करणार, तेवढ्यात मामाच्या कानातला बड जरा सुटला. त्याने तो बोटाने आत दाबला. टिचकी बसली, आणि फोन उचलला गेला.

मी "मामी, मामी" करत फोनमध्ये ओरडलो. पण माइक पण त्या दोघांच्या कानातच ना! मला तिचं काही ऐकू येईना, तिला माझं. मामी काय बोलली ते तिने मला नंतर शब्द न शब्द सांगितलं:

"बंट्या, ऐक. शेजारच्या मेडिकलमध्ये माझं पार्सल येईल. ऑनलाइन इअरबड मागवलेत. गुपचूप घेऊन ठेव, तुझ्या मामाला कळू देऊ नको. त्याच्याकडचा माल कसा असतो, आपल्याला माहितेय ना. हॅलो? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मामा म्हणाला.

 मामाने हातातला पट्टा सोडला. सावंतकाकांनी कानातला बड नीट बसवला, जरा पुढे वाकले आणि एकदम आदराने म्हणाले, "वहिनी, कुठल्या कंपनीचे मागवलेत?"

मामीने फोन ठेवला.

मामाने कानातून बड काढला, डबीत ठेवला, झाकण लावलं. पेन उचललं आणि कॅलेंडरकडे गेला. माझ्या डोळ्यांसमोर बाग, चीक, जुना शर्ट सगळं आलं. मामा माझ्या नावापाशी थांबला. दोन फुल्या बघितल्या. मग त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'सौ.', आणि पुढे पहिली फुली मारली.