देवाला नमस्कार करणारं बाळ

"बघा बाई, आता परत करील!" आजींनी मोबाईल माझ्या नाकाशी धरला.

सहा महिन्यांचं बाळ लसीसाठी श्रीवर्धनला माझ्या दवाखान्यात आणलं होतं. घर हरिहरेश्वरला, देवळाशेजारी, घरचीच खानावळ. व्हिडिओत बाळ झोपेतून उठतं, मान झुकवतं, दोन्ही हात पुढे आणतं. थांबतं. पुन्हा तेच. पुन्हा. मागे घरच्यांचं कौतुक चाललेलं.

"कुनी शिकवला न्हाय. देवाच्या दारातला हाय ना!"

देवाशी माझं वाकडं नाही. पण ही आकडी होती. तान्ह्या बाळाची आकडी म्हणजे दरवेळी फेस आणि झटके नव्हेत. काही बाळं झोपेतून उठली की अशी ओळीने वाकतात. याला इन्फंटाइल स्पॅझम म्हणतात. उपचार लांबले तर बाळ शिकलेलंही विसरतं.

"तुझ्याकडे बघून हसतो का?" मी त्याच्या आईला विचारलं.

"आधी हसायचा."

आजींनी मोबाईल खाली घेतला.

लस बाजूला ठेवून मुंबईच्या माझ्या जुन्या बॉसना, मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, फोन लावला.

"उद्या इकडे पाठव, ईईजी करू. तुझा संशय खरा निघाला तर स्टिरॉइड मी सुरू करतो. त्याने बीपी, शुगर वाढते, ती तिकडे तू बघ."

ईईजी म्हणजे डोक्याला वायरी लावून काढलेला मेंदूतल्या विजेचा आलेख. तो भीती होती तितकाच वाईट आला.

हे स्टिरॉइड म्हणजे साधं सिरप, डोस मात्र दणकट. त्याने वाकणं थांबतं. बाळ चिडतं, सारखं खायला मागतं. काही दिवसांनी वडिलांचा फोन आला.

"पोरगा घर डोक्यावर घेतोय. नमस्कार तर बंद झाला. आता औषध कशाला?"

"एकदम तोडलंत तर जिवावर बेतेल. मी सांगेन तसं कमी करायचं."

त्यांनी ऐकलं. पुढे डोस उतरवायची वेळ आली, तर आजीच अडून बसल्या.

"येवढा बाळसं धरलाय, नि कमी कशाला करता?"

"ते बाळसं नाही, आजी. स्टिरॉइडची सूज आहे."

त्या माझ्यावर रुसल्या, पण औषध ठरल्याप्रमाणे उतरलं. सगळ्याच बाळांचं इतकं निभावत नाही. याचं निभावलं. ईईजी सुधारला, गालही उतरले.

शेवटच्या तपासणीला आजी तक्रार घेऊनच आल्या.

"देवलात नेला तं हात जोडत न्हाय. गुरवाची शेंडी ओढतो, नि माझ्याकडं बघून हसतो."

"उत्तम," मी म्हटलं.

तेव्हापासून वयाच्या मानाने फार गुणी बाळ दिसलं, की मी आधी तपासते.