बाजरीच्या धसकटांतलं तास

मी शेतकीला प्रवेश घेतला तेव्हा नात्यातल्या झाडून सगळ्यांनी एकच विचारलं, का? आमच्या घराण्यात कुणाकडे कधी शेत नव्हतं. शनिवार पेठेत अब्बांचं बैलांच्या सामानाचं दुकान होतं. कासरे, वेसणी, घुंगरमाळा. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही हे विकत आलो, पण बैल आमच्या घरात फक्त गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून यायचे. बिबवेवाडीतल्या आमच्या घरासमोर मातीसुद्धा नव्हती, फरशी होती. फुफी, म्हणजे अब्बांची बहीण, म्हणाली, शिक्षिका हो, नर्स हो, चिखलात कशाला उतरतेस? मला माती आवडते, एवढंच माझं कारण होतं. ते कुणालाच पुरेसं वाटेना, तेव्हा मी कारण सांगणंच बंद केलं.

आमचं कॉलेज शहर जिथे विरळ होत जातं तिथे होतं. मागे शेत, शेताच्या टोकाला गोठा आणि गोठ्यात दोन खिलार बैल. अवजारांचं प्रात्यक्षिक घेणारे सर पक्के पुणेरी. आवाज कधी चढायचा नाही, पण वाक्य संपेपर्यंत समोरच्याचं तोंड उतरलेलं असायचं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांनी मुलांना नांगराजवळ बोलावलं आणि आम्हा मुलींना बांधावर उभं केलं. मुलींनी निरीक्षणं लिहावीत, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझ्या शेजारी पुरंदरकडची एक मुलगी उभी होती. वर्गात ती फारसं बोलायची नाही. समोर एक मुलगा रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, सगळा भार टाकून लोंबकळत होता आणि फाळ नुसता मातीवरून घासत चालला होता. ती हळूच म्हणाली, "घरी मी नांगर धरते. आन् हितं मला वही धराया लावलीय."

तिथून आमची मैत्री झाली. मी तिला विचारलं, मला शिकवशील का? तिनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "ये रविवारी. दुखलं तर सांगायचं न्हाई."

त्या हिवाळ्यात मी रविवारी सकाळी स्वारगेटहून एसटीनं तिच्या गावाला जायचे. अम्मीला खरं सांगितलं होतं, फुफीला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी फाळ दगडाला अडला, बैल पुढे गेले आणि मी रुमण्यासकट आडवी झाले. मैत्रिणीचे वडील बांधावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी विचारलं, लागलं का? मी नाही म्हटलं. मग उठा, म्हणाले. पुढच्या रविवारीही मी पडले. नंतर कधीतरी हाताला कळलं की नांगर दाबायचा नसतो, धरायचा असतो. तळहाताला फोड आले, फुटले, तिथली कातडी जाड झाली. अम्मीनं ते पाहिलं आणि खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे सरकवली.

त्याच सुमारास स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली. सरांनी एक जिवंत देखावा योजला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात शेतकी शिकणारी मुलं कशी राहत, कशी शिकत, ते पाहुण्यांना दाखवायचं. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला पगडी. सकाळी गोठा झाडायचा, मग इंग्रजीतून रसायनशास्त्राचा पाठ घ्यायचा आणि शेवटी बैलजोडीनं नांगरट करायची. कल्पना मला मनापासून आवडली. घरचे लोक नावं ठेवत असताना, कारकुनी सोडून पोरगा ढेकळं फोडायला गेला असं हिणवत असताना, ती मुलं पगडी सांभाळत शेतात उतरली असतील. मला ती आपली वाटली. फुफी त्यांनाही भेटलीच असणार.

मुलींच्या वाट्याला पाहुण्यांना गुलाब देणं आणि चहा फिरवणं आलं.

मी सरांना जाऊन भेटले. आम्हा दोघींना नांगर धरायचा आहे, म्हणाले. सरांनी चष्मा पुसला.

"तेव्हा मुली नव्हत्या. इतिहास तुमच्या सोयीनं बदलायचा का आपण?"

"नाही सर. पण देखाव्यासाठी जमीन ट्रॅक्टरनं आधीच नांगरून ठेवली आहे. तेव्हा ट्रॅक्टरही नव्हता."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी खोटं बोलत नव्हते. मुलांची फजिती होऊ नये म्हणून तो तुकडा आदल्या आठवड्यात भुसभुशीत करून ठेवला होता. त्याच्या शेजारी बाजरी काढल्यापासून पडीक राहिलेला पट्टा होता, कडक, धसकटांनी भरलेला. मला तो चालेल, मी म्हणाले. तुम्हाला काय चालेल हे विचारलेलं नाही, असं म्हणून सरांनी दाराकडे बघितलं.

मग आम्ही वर्गातल्या मुलींना गोळा केलं. कुणी घाबरल्या, कुणी म्हणाल्या तुम्हाला भलती हौस. पण चहाचा ट्रे धरायचा नाही, यावर हळूहळू सगळ्यांचं एकमत झालं. हे प्राचार्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. मलाच का, असं विचारायची सोय नव्हती. सगळ्या मुलींत बंडखोर म्हणून माझंच आडनाव त्यांच्या लक्षात राहावं, यात मला नवल वाटलं नाही.

अब्बा दुकान बंद ठेवून आले. घरून निघताना त्यांनी इस्त्रीची शेरवानी घातली होती, लग्नाला जावं तशी. मी त्यांच्या मागे उभी राहिले. प्राचार्य माणूस मऊ होते. मुलगी हुशार आहे, म्हणाले, पण हट्टी आहे, शिस्त बिघडते, शिवाय बैलाचं जनावर, काही झालं तर जबाबदारी कुणाची? आपण तिला समजवावं.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते माफी मागतील. आयुष्यभर गिऱ्हाइकाशी नमतं घेऊन वागलेला माणूस. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "साहेब, आपण तिला शेतकीला घेतलंत ना? मग तिनं शेत करू नये, हे मी तिला कसं समजावू?"

मग प्राचार्यांनी तोडगा काढला. पाहुणे गेल्यावर मुलींनी खुशाल नांगर धरावा. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं.

"पाहुणे गेल्यावर नाही सर," मी म्हणाले. "पाहुण्यांसमोर. नाहीतर आम्ही कुणीच येणार नाही."

शेवटी देखावा संपल्यावर, आभाराच्या आधी, आम्हाला जागा मिळाली. परत जाताना रिक्षात अब्बा एवढंच म्हणाले की वेसण ओढू नकोस, जनावराच्या नाकाला लागतं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुलांचं छान झालं. पगड्या शोभत होत्या, भुसभुशीत मातीत नांगर लोण्यासारखा चालला, टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालकानं जाहीर केलं, "आता विद्यार्थिनींच्या खास आग्रहावरून एक छोटासा प्रयत्न." पाहुण्यांत हसू पसरलं. आम्ही बैल बाजरीच्या पट्ट्यावर घेतले. मैत्रीण बैलांपाशी, मी रुमण्यावर. फाळ धसकटांत घुसला आणि खांद्यापर्यंत हिसका बसला. निम्म्या वाटेवर नांगर डावीकडे सरकला, मी सावरला, पण तास, म्हणजे नांगरानं पडलेली चर, वाकडं गेलं. ते सगळ्यांना दिसलं. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली.

सर पट्ट्याच्या टोकाला हाताची घडी घालून उभे होते. मी पोचल्यावर म्हणाले, "वाकडं गेलंय."

"हो सर. दुसरं काढते."

आणि आम्ही बैल वळवले. एकच फेरी ठरली होती. सूत्रसंचालक आभार मानू लागला, पाहुणे जेवायला उठले, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. आम्ही थांबलो नाही. दुसरं तास जरा बरं आलं. तिसऱ्याला मैत्रिणीनं रुमणं घेतलं आणि ते दोरीनं आखल्यासारखं सरळ निघालं. मग वर्गातली आणखी एक मुलगी चपला काढून शेतात आली. मग आणखी एक. बैल दमले तेव्हा आम्ही त्यांना सोडलं. पट्टा बराचसा नांगरून झाला होता. जेवण संपलेलं होतं. आमच्यासाठी कुणी काही ठेवलं नव्हतं. गोठ्याजवळच्या नळावर हात धुऊन आम्ही मैत्रिणीच्या डब्यातली भाकरी खाल्ली. मला आठवतं, मी फार खूश होते आणि फार चिडलेलीही होते. त्यातलं कुठलंच मला कमी करायचं नव्हतं.

सरांनी आमचं कौतुक कधीच केलं नाही. पुढच्या प्रात्यक्षिकाला त्यांनी नेहमीप्रमाणे मुलांची नावं आधी पुकारायला सुरुवात केली. आम्ही मुली बांधावर नव्हतो. जू उचलून बैलांपाशी उभ्या होतो. सर नाव पुकारता पुकारता थांबले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "जोडा. वेळ घालवू नका." त्यानंतर बांधावर वही घेऊन कुणाला उभं करणं आपोआप बंद झालं. त्याचा आदेश निघाला नाही, सूचनाही लागली नाही.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. सासवड रस्त्याला एक तुकडा खंडानं घेऊन भाजीपाला करते. शेजारच्या शेतकऱ्यांना हळूहळू सवय झाली, काहींना अजून झालेली नाही. परवा एक नवा अधिकारी पाहणीला आला. मी वाफ्यात पाणी सोडत होते. त्यानं बांधावरून विचारलं, "मालक कुठे आहेत?"

मी म्हटलं, "चिखलात उतरा, भेटतील."