हळदीच्या धाग्याची गाठी

यंदाची होळी, सकाळी अकरा वाजता, लातूरला लेकीच्या सासरी. हजर: आम्ही दोघं, लेक, जावई आणि विहीणबाई. साखर, दूध, धागा मिळून खर्च एकशे बावीस रुपये. बसभाडं यात धरलेलं नाही.

लग्नानंतरची ही पहिली होळी. जावयाच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची आमच्याकडे रीत आहे. नांदेडच्या बाजारात हव्या तेवढ्या मिळतात, पण बायकोनं घरीच करायचं ठरवलं. लेक लहान असल्यापासून ती दर होळीला करत आली आहे. लाकडी साचे तिनं रात्रभर पाण्यात भिजवले. पाकात थोडं दूध घालून मळी काढली, मग डावानं घोटून तो पांढरा केला. साच्यात धागा ठेवायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "पहिला सण आहे. जावयाच्या गळ्यात कोरा धागा कसा घालायचा?" आणि धाग्याला हळद लावली.

गरम पाक पडला तशी हळद उतरली. साचे उघडले तर प्रत्येक पदक मधोमध पिवळसर. मी म्हटलं, दुसरी करू. ती म्हणाली, "हळदीचाच रंग आहे. बघणाऱ्याला कळणार नाही का?"

लातूरला विहीणबाईंनी डब्यातून गाठी काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"ताई, ही मागच्या सालची हाय का?"

"नाही हो, परवाच केली. धाग्याला हळद लावलीय, तिचा रंग उतरला."

"असंल. पण दात न घासल्यावानी दिसायली." त्या हसल्या. जावईही हसले, मग म्हणाले, "राहू दे ना मम्मी." पण गळा काही पुढे केला नाही. मी हळदीचं पुन्हा सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "दादा, मला पटलं. पण संध्याकाळी गल्लीतल्या बाया बघायला येतील. त्यांतल्या किती जणींना मी सांगत बसू?"

बायको लेकीकडे बघत होती. लेकीनं डबा बंद केला.

"आई, मनावर घेऊ नको. चौकात दुकान आहे. बाबा, एक आणा ना तिथून."

लहानपणी याच लेकीला दर होळीला कढईच्या कडेची साखर खरवडून हातावर द्यावी लागायची. मी बोलणार होतो, पण बायको आधीच चप्पल घालत होती. "चला, मी बी येते. तुम्हाला निवडता येणार नाही."

दुकानात तिनं पाच-सहा गाठ्या उलटसुलट करून पाहिल्या. सगळ्यात मोठी, सगळ्यात पांढरी घेतली. मी पाकीट काढलं, तर तिनं माझा हात बाजूला केला. दुकानदाराला साडेतीनशे रुपये रोख तिनं दिले, स्वतःच्या पर्समधून.