मास्तरांचा सतरावा चाकू

मास्तरांनी सोळावा चाकू काउंटरवर आपटला तेव्हा दुकानदारानं फक्त मान हलवली आणि शेवटच्या खोक्याकडे हात नेला. त्याच्या सहनशक्तीला खरंच हात जोडावेत. सकाळपासून एकही चाकू मास्तरांच्या मनाला येत नव्हता. याची मूठ बारीक, त्याची जाड, याचं पातं उगाच लांब, ते पोलाद दोन पावसांत गंजेल. एक तर त्यांनी हातात न घेताच नापास केला.

बायको पर्स मांडीवर धरून स्टुलावर बसली होती. दोष कुठे आहे, ते तिला पक्कं माहीत होतं. वीस वर्षं मास्तरांनी शिबिरात माणसांना जंगलात राहायला शिकवलं. चाकू मिटणारा नको, पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध हवं, हे ऐकून ऐकून तिचेसुद्धा कान किटले होते. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली, उजव्या हातानं मात्र दगा दिला. आता सोमवारी शिबिराच्या मॅनेजरसमोर ओल्या काटकीच्या ढलप्या काढून शेकोटी पेटवून दाखवायची होती. नाही जमलं, तर नारळ.

घरात हाताचं नाव काढायची सोय नव्हती. शर्टाची बटणं ती लावायची आणि मास्तर खिडकीबाहेर बघत राहायचे. जुन्या चाकूचा तोल गेलाय, एवढंच म्हणायचे. एकदा तर चिडून तो माळ्यावर भिरकावला. स्वतः घासून घडवलेला चाकू, हो! म्हणून तिनं एक उद्योग केला. तो चाकू गुपचूप याच दुकानात आणून दिला आणि त्याला जाड, खरखरीत मूठ बसवून घेतली. पातंही चकाचक करायला सांगितलं. हात लावताच ओळखतील, चार शिव्या घालतील आणि हसतील, असं तिच्या मनात होतं.

शेवटच्या खोक्यात तोच होता. मास्तरांनी तो उचलला. बोटं मुठीवरून घसरली.

"हा कुठल्या गाढवानं बनवलाय?" ते म्हणाले.

दुकानदारानं तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. आता ठेवून देऊ देत, देवा, म्हणजे गपचूप घरी जाता येईल. पण मास्तरांचा डावा अंगठा सवयीनं पात्याच्या पाठीवरून फिरला आणि थांबला. चाकू घडवताना त्यांचीच कानस घसरून पडलेली रेघ तिथे होती. ती पॉलिशनं गेली नव्हती.

त्यांनी ती रेघ पुन्हा एकदा चाचपली. मग चाकू आवाज न करता खाली ठेवला.

"चाकू चांगला आहे," ते म्हणाले. "हात गेलाय."

तीन महिने ती हेच ऐकायला थांबली होती. एकदा तोंडानं कबूल केलं की पुढचं काहीतरी बघता येईल, असं रोज स्वतःला बजावत होती. आता ऐकलं, तर ते त्यांनी परत घ्यावं असं तिला वाटलं.

"अजून एखादा दाखवा ना, भाऊ," ती दुकानदाराला म्हणाली. "यांना नाही आवडला हा."

दुकानदाराकडे दाखवायला काही उरलं नव्हतं.