आधी वरच्यांनी सोडायचं

पाणी कमी पडलं की आधी कोणी थांबायचं, वरच्याने की खालच्याने?

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी मला एक पाटकरी भेटला. पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतांना देणं हे त्याचं काम. मी हवामान बदलावरची पत्रकं वाटत होतो. फेब्रुवारीतच ऊन चटके देत होतं आणि खालच्या गावातला गहू करपायला लागला होता. म्हणून त्याने वरच्या अंगाच्या स्वतःच्या गावाची पाळी थांबवून पाणी खाली सोडलं होतं. त्याचाच एक भाऊबंद बांधावरून ओरडला, "नाना, आपला कांदा मरी राहिना ना!"

"तुना कांदा थांबी. त्यास्ना गहू थांबणार नही," फावडं न थांबवता तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, की याच संकटासाठी जगातले देश दरवर्षी परिषद भरवून एकत्र बसतात. चिखलाचे हात धोतराला पुसून त्याने पत्रक घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"बठ्ठा बसतस, ते बरं शे. पन वरलास्नी पानी सोडं का?"

"चर्चा चालू आहे," मी म्हणालो.

"चर्चा गहूले पाजतस का, भाऊ?"

मला त्याचा नाही, माझ्या पत्रकाचा राग आला. ज्या देशांनी आधी धूर ओकून श्रीमंती कमावली, ते पाटाच्या तोंडाशी बसलेत, आणि त्यांच्या निवेदनांना आपण यश म्हणून छापतो.

पुढची परिषद भरेल तेव्हा तुमच्या खासदाराला पत्र लिहा. त्या देशांनी धूर किती कमी केला, एवढंच विचारा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिहा.