साहेबांच्या हातानं थांबू दे

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मला नेमकी औषधाची वेळ आठवायची.

मी बारामतीत शेतीची यंत्रं शिकवायचो. निवृत्तीनंतर एका कंपनीनं मला सल्लागार केलं. त्यांचा फवारणीचा रोबो लासुर्ण्याच्या उसात चालणार होता आणि चालवणारा मात्र बारामतीच्या हॉलमध्ये बसणार होता. मध्ये फक्त मोबाइलचं नेटवर्क. शेत माझ्या शाळेतल्या मित्राचं. मीच त्याला गळ घातली होती. रोबोच्या पाठीवर एक लाल बटण होतं. काही बिनसलं तर ते दाबायचं, हे काम त्याचं.

कंपनीच्या पोरांनी एकच नियम शिकवला होता. इथून दिलेला हुकूम तिथं पोचायला वेळ लागतो, तिथलं चित्र इथं यायलाही लागतो. म्हणून रोबो चालवायची दांडी एकदाच ढकलायची आणि वाट बघायची.

उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे असलेले साहेब हॉलमध्ये जेवणाच्या वेळेला उगवले. तोवर लासुर्ण्यात अर्धं गाव बांधावर, बुंदीच्या जेवणासाठी घातलेल्या मांडवापाशी जमलं होतं आणि प्रत्येकजण मोबाइलवरून लाइव्ह दाखवत होता. गावच्या एकुलत्या टॉवरवर एवढा भार मतमोजणीच्या दिवशीही पडला नसेल.

नारळ फुटला. साहेबांनी दांडी ढकलली. पडद्यावर रोबो ढिम्म. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. पण आमच्याकडं प्रमुख पाहुण्याला थांबा म्हणणाऱ्याला पुढच्या कार्यक्रमात खुर्ची मिळत नाही.

“अजून ढकला, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी पुन्हा पुन्हा ढकलली, मग अंगातला सगळा जोर लावून ढकलली. तेवढ्यात मित्राचा फोन आला.

“मास्तर, हे सुटलंय की गड्या. दाबू का बटण?”

पडद्यावर यंत्र जागेवरच होतं. शिवाय साहेबांनी सुरू केलेलं यंत्र एका शेतकऱ्यानं थांबवलं, हे सगळ्या मोबाइलवर दिसलं असतं.

“हात लावू नकोस. साहेबांच्या हातानं थांबू दे.”

“अरं, त्यो मांडवाकडं निघालाय.”

“मी सांगतोय ना.”

“बरं,” तो म्हणाला. शाळेपासून तो माझं ऐकत आला होता.

वाटेत तुंबलेले साहेबांचे सगळे हुकूम तिथं एकदमच पोचले होते. रोबोनं ठिबकच्या नळ्या ओढत नेल्या, मांडवाचा खांब पाडला, बुंदीच्या परातींवर इमानेइतबारे फवारणी केली आणि पाण्याच्या चारीत जाऊन आडवा झाला. टाकीत नशिबानं साधं पाणी होतं. तो चारीत पडल्यावर इकडं पडद्यावर जागचा हलला आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

खरा प्रकार कळल्यावर साहेबांनी विचारलं, “तिथं थांबवायला कुणी नव्हतं?”

“होता एक शेतकरी,” मी म्हणालो. “घाबरला असेल.”

सगळ्यांना हायसं वाटलं. नेटवर्क निर्दोष, कंपनी निर्दोष, साहेब तर निर्दोष असतातच.

बुंदी गेल्याचा राग गावानं मित्रावर काढला. डेअरीत, कटिंगच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न, “आबा, बटण घावलं का?” माझा फोन आल्याचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. मास्तरांना अडचण नको, असं तो घरी म्हणाल्याचं मला नंतर कळलं.

गेल्या हिवाळ्यात मी लासुर्ण्याला गेलो, ते हे मिटवायलाच. ओसरीवर दोन शेजारी बसले होते. सुनेनं चहा आणला. एक शेजारी म्हणाला, “मास्तर, तुमीच सांगा. बटणापाशी उभं करून बी आबा नुसतं बघत ऱ्हायलं, व्हय ना?”

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो फक्त उत्तराची वाट बघत होता. मी घोट घेतला, मग आणखी एक.

“जाऊ दे रं,” अखेर तोच म्हणाला. “मास्तरांना गाडी गाठायची हाय.”

मी उठलो. त्यानं विचारलं होतं, मीच नको म्हणालो, मला माफ कर गड्या, एवढं तोंडात घेऊन मी बारामतीच्या एसटीत बसलो.