दामूकाकांनी सोडलेली मात्रा

दामूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या पनवेलच्या कॉलेजात गॅदरिंगच्या नाचाची तालीम चालू होती. स्पीकरवर सिनेमातलं एक गाजलेलं गाणं होतं आणि त्याला ठेका काकांचा होता. तिथे हे कुणालाच माहीत नव्हतं... मी कधी सांगितलंच नव्हतं.

काका गावच्या बेंजो पार्टीत आधी ढोलकी, नंतर ऑक्टोपॅड वाजवत. आमच्याकडे हळदीला धवलारीण लग्नाची गाणी, म्हणजे धवले म्हणते. तरुणपणी एका हळदीत काकांनी इतक्या जोरात वाजवलं की धवलारीण गंगूआय मध्येच थांबली. "दाम्या, मना दम तं घेऊ दे! ढोलकी हाय का न्हावा-शेव्याचा ट्रेलर?" मांडव हसला. काका मात्र त्या दिवसापासून तिच्या श्वासासाठी प्रत्येक फेरीत एक मात्रा रिकामी सोडू लागले. त्या मात्रेला नाचणारे क्षणभर अडायचे आणि पुढच्या ठोक्याला दुप्पट जोरात उसळायचे. आसपासच्या पार्ट्यांनी ते उचललं, मग डीजेंनी, मग सिनेमावाल्यांनी.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लोकसंगीताच्या प्रकल्पासाठी मी हाच ठेका घेतला, पण छापील पुरावा नाही म्हणून घाबरून लिहिलं, 'निर्माता अज्ञात'. वर काकांना हौसेनं वाचूनही दाखवलं.

"अज्ञात म्हंजे मीच ना, गो बाय?" ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "माजा ऱ्हाव दे. पन गंगूआयचा नाव लिव. दम तिचा हाय."

लिहिते म्हटलं... परीक्षा आल्या, राहून गेलं.

काकांच्या बाराव्यानंतर मी सरांकडे प्रकल्पाची फाईल मागितली. "मार्क दिलेत, आता काय बदलणार?" ते म्हणाले.

"मार्क राहू देत सर, एक ओळ चुकली आहे." 'अज्ञात' खोडून मी आधी गंगूआयचं, मग काकांचं नाव लिहिलं.

"पुरावा?" सरांनी विचारलं. एरवी मी गप्प बसले असते. "रविवारी गावात हळद आहे सर. गंगूआय धवला म्हणणार आहे, ऑक्टोपॅडवर काकांची मुलगी सारिका आहे. तुम्ही या."

सर आले. गंगूआय आता थकली आहे, एकाच ओळीत तिला दोनदा दम लागला. सारिकाने दोन्ही वेळा काठ्या वर धरल्या, आणि म्हातारी पुन्हा सुरू होईपर्यंत अख्खी पार्टी तशीच थांबून राहिली.